वाटण टिकतं कशावर

झाडीपट्टीत वर्षाची बेगमी उन्हाच्या भरवशावर होते. एप्रिल-मे महिन्यांत चंद्रपूर जिल्ह्यातल्या पोंभुर्णा तालुक्यातल्या कुठल्याही गावात गेलात तर अंगणात, खाटेवर, ओसरीच्या पत्र्यावर काही ना काही वाळत घातलेलं दिसतं. लाल मिरची, चिंच, मोहफुलं, कुरड्या, मूगवड्या. चंद्रपूरचा पारा 45 अंशांपुढे गेला की माणसाचा जीव नकोसा होतो, पण त्याच उन्हात दोन-चार दिवसांत मिरची खुळखुळायला लागते. पाणी निघून गेलं की पदार्थ टिकतो, हे इथल्या बायांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

वाटणाला मात्र हा उपाय लागू पडत नाही. अद्रक, लसूण, हिरवी मिरची आणि सांबार (इकडे कोथिंबिरीला सांबारच म्हणतात) यांचा ओला गोळाच भाजीला वास देतो. तो वाळवला की वेगळी वस्तू होते. शिवाय साठवलेल्या वाटणाची खरी गरज ज्या दिवसांत पडते, ते दिवस इथे दोनदा येतात. एकदा मे महिन्यात, तेंदूपत्त्याच्या हंगामात. तेव्हा बाया पहाटे जंगलात जातात, दुपारी पुडे बांधतात आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, जमा करतात. दुसऱ्यांदा जुलै-ऑगस्टमध्ये, धानाच्या रोवणीत. दिवसभर चिखलात वाकून आलेल्या बाईने रात्री लसूण सोलून पाट्यावर बसावं, अशी अपेक्षा कुणी करू नये. म्हणून डबाभर वाटण करून ठेवलं जातं, आणि टिकावं म्हणून त्यावर बोटभर तेल ओतलं जातं.

हे तेल वाटणाची राखण करतं असा समज घरोघरी आहे. लसणाच्या बाबतीत तो चुकीचा आहे, आणि ही चूक जिवावर बेतू शकते. पण त्याआधी वाटण म्हणजे नेमकं काय होतं, हे पाहू.

अख्ख्या लसणाच्या पाकळीला जवळजवळ वास नसतो. नाकाशी धरून पाहा. वास येतो तो पाकळी ठेचल्यावर. लसणाच्या पेशींत अॅलिन नावाचं गंधकयुक्त द्रव्य असतं आणि त्यापासून वेगळ्या कप्प्यात अॅलिनेज नावाचं विकर असतं. दोघं एकमेकांना भेटू नयेत अशीच त्यांची मांडणी असते. वरवंट्याखाली कप्पे फुटतात, दोन्ही मिसळतात आणि काही सेकंदांत अॅलिसिन तयार होतं. नाकाला झोंबतं ते हेच. कॅव्हॅलिटो आणि बेली या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी 1944 मध्ये ते लसणातून वेगळं काढलं. वनस्पतीच्या दृष्टीने हे हत्यार आहे. एखाद्या किड्याने पाकळीला दात लावला तरच ते उपसलं जातं.

यातून स्वयंपाकासाठी दोन गोष्टी निघतात. अॅलिनेज उष्णतेने आणि तीव्र आंबटपणाने निकामी होतं. सोलायला सोपा जावा म्हणून लसूण उकळत्या पाण्यात टाकला, तर साल सुटते पण वासही जन्माला येण्याआधीच जातो. त्यापेक्षा आपल्याकडची जुनी रीत चांगली. पाकळ्या मोकळ्या करून त्यांना तेलाचा हात चोळायचा, तासभर उन्हात ठेवायच्या आणि सुपात घोळायच्या. साल कागदासारखी उडते आणि आतली पाकळी कच्चीच राहते. दुसरं म्हणजे लिंबू किंवा व्हिनेगर घालायचं असेल तर वाटताना घालू नये. लसूण आधी कोरडा ठेचावा, दहा मिनिटं तसाच ठेवावा, वास पुरता फुलू द्यावा आणि मग आंबट घालावं.

अॅलिसिन स्थिर नसतं. साध्या हवेत ते मोडत जातं आणि त्यातून दुसरी गंधकयुक्त द्रव्यं तयार होतात. त्यांचा वास जड आणि शिळसर असतो. सकाळच्या वाटणाला रात्री वेगळा वास येतो तो यामुळे. म्हणजे साठवलेलं वाटण ताज्या वाटणाची बरोबरी कधीच करणार नाही. त्यातला बराचसा गंध आणि सगळा गाभा मात्र टिकवता येतो.

अद्रकाचं वेगळंच आहे. त्याचा तिखटपणा जिंजेरॉल या द्रव्यामुळे असतो आणि तो ठेचण्यावर अवलंबून नसतो. अद्रक वाळवून सुंठ केली की जिंजेरॉलचं रूपांतर शोगाओलमध्ये होतं. ते जास्त तिखट असतं, म्हणून सुंठ ओल्या अद्रकापेक्षा घशाला जास्त लागते. अद्रकात झिंजिबेन नावाचं प्रथिनं तोडणारं विकरही असतं. मटणाला कच्चं अद्रक चोळून तासभर ठेवलं की ते मऊ होतं ते त्याच्यामुळे. हेच मटण रात्रभर ठेवलं तर वरचा थर पिठासारखा भुसभुशीत होतो. दक्षिण चीनमध्ये गोड गरम दूध अद्रकाच्या रसावर ओततात आणि ते विरजणाशिवाय दह्यासारखं घट्ट होतं, तेही याच विकराचं काम. फ्रीझरमध्ये हे विकर मरत नाही, नुसतं थांबतं. अद्रकाच्या रेषा दातात येतात ही नेहमीची तक्रार. उपाय सोपा आहे. रेषा लांबीच्या दिशेने धावतात, म्हणून वाटण्याआधी अद्रकाच्या आडव्या पातळ चकत्या कराव्यात.

आता पाटा आणि मिक्सर. पाट्यावरचं वाटण चवीला चांगलं असतं, हे नुसतं आठवणींचं बोलणं नाही. वरवंटा पेशी चिरडतो, मिक्सरचं पातं त्या कापतं. चिरडल्याने रस आणि तेल जास्त सुटतं आणि वाटण एकजीव होतं. टिकण्याच्या दृष्टीने मात्र मोठा फरक पाण्याचा आहे. पाट्यावर बाई बोटांनी चार थेंब शिंपडते, तेवढ्यावर काम भागतं. मिक्सरच्या भांड्यात तेवढ्याने पातं मोकळं फिरत राहतं आणि लसूण कडेला चिकटून बसतो. मग आपण अर्धी वाटी पाणी ओततो. ते पाणी पुढे सगळ्या कटकटीचं मूळ होतं. वाटण लवकर आंबतं, फ्रीझरमध्ये त्याचे बर्फाचे खडे होतात आणि कढईत ते परतलं जाण्याऐवजी उकळत राहतं.

यावर उपाय मिठाचा आहे. सोललेला लसूण आणि अद्रकाच्या चकत्या यांना मीठ चोळून पंधरा मिनिटं ठेवावं. मीठ पेशींतलं पाणी बाहेर ओढतं. भांड्याच्या तळाशी चमचा-दीड चमचा रस जमतो आणि तेवढ्यावर मिक्सर फिरतो. तरीही अडलं तर चमचाभर तेल घालावं, पाणी घालू नये. मिक्सर सलग चालवला की भांडं तापतं आणि उडून जाणारा वास झाकणातच संपतो. म्हणून तो थांबत थांबत फिरवावा.

आपल्या वाटणासाठी बनलेला मिक्सर हीसुद्धा एका घरातली गोष्ट आहे. मुंबईत सत्यप्रकाश माथुर हे सीमेन्समध्ये अभियंता होते. त्यांच्या पत्नी माधुरी यांचा जर्मन बनावटीचा मिक्सर भारतीय वाटणघाटणात बंद पडला आणि इथे तो दुरुस्त होईना. परदेशी यंत्र फळांच्या रसासाठी बनलेलं, आणि आपल्याकडे त्याच्या पुढ्यात भिजलेली डाळ आणि हळकुंड येणार. तेव्हा माथुरांनी जोरकस मोटर असलेलं यंत्र स्वतःच तयार केलं. 1963 मध्ये सुमीत हे नाव बाजारात आलं आणि पुढच्या दोन-तीन दशकांत देशभरातले पाटे हळूहळू परसदारी गेले. पाट्याला टाकी लावून देणारे कारागीरही त्याबरोबर दिसेनासे झाले. ज्यांच्याकडे पाटा अजून आहे त्यांनी तो वापरावा, पण टाकीच्या खाचांत कालचं वाटण राहतं हे लक्षात ठेवून गरम पाण्याने घासून उन्हात वाळवावा.

आता तेलाकडे.

कैरीच्या लोणच्यावर तेलाचा थर असतो आणि लोणचं वर्षभर टिकतं. म्हणून वाटणावरही तेल घातलं की टिकेल, असं मन सांगतं. लोणच्यात तेलाचं काम हवा अडवण्याचं असतं. बुरशीला हवा लागते, हवा तुटली की बुरशी येत नाही. पण बुरशी सोडून जे बाकी जीव असतात, त्यांना लोणच्यात कैरीचा आंबटपणा आणि भरपूर मीठ रोखून धरतात. तेल हे तिथलं वरचं झाकण आहे, पहारा आंबट आणि खारट करतात. लसणात हा पहाराच नसतो. आंबटपणा मोजायचं माप म्हणजे पीएच. तो जितका कमी तितका पदार्थ आंबट. कच्च्या कैरीचा पीएच साधारण 3 ते 4 असतो. लसणाचा 5.3 ते 6.3, अद्रकाचा साडेपाच-सहाच्या आसपास. हिरवी मिरची आणि सांबारही याच बाजूला.

मधली रेषा 4.6 ची आहे. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा एक जिवाणू मातीत सर्वत्र असतो. लसूण आणि अद्रक दोन्ही मातीखाली वाढतात, त्यामुळे त्यांच्यावर त्याचे बीजाणू असू शकतात. धुतल्याने ते कमी होतात, सगळे जात नाहीत. उकळल्यानेही मरत नाहीत. त्यांना मारायला प्रेशरखाली 121 अंश तापमान लागतं. बीजाणू पोटात गेले तर धडधाकट मोठ्या माणसाला सहसा काही होत नाही. धोका सुरू होतो ते उगवले की. उगवायला त्यांना तीन गोष्टी हव्यात. हवा नसावी, आंबटपणा 4.6 पेक्षा कमी तीव्र असावा, आणि ऊब असावी. यातली सर्वांत सामान्य जात 35 ते 40 अंशांत जोमाने वाढते. मे महिन्यातलं पोंभुर्ण्याचं स्वयंपाकघर म्हणजे नेमकं तेच तापमान. त्यात लसणाच्या वाटणावर आपण तेल ओततो, म्हणजे राहिलेली अटही आपल्याच हाताने पूर्ण करतो.

उगवलेला जिवाणू जे विष तयार करतो ते माणसाला ठाऊक असलेल्या सर्वांत जहाल विषांपैकी आहे. त्याने वाटणाचा वास, रंग, चव यांत फरक पडेलच असं नाही. साधारण 12 ते 36 तासांत डोळ्यांपुढे दोन-दोन दिसतं, पापण्या जड होतात, जीभ अडखळते, गिळता येत नाही आणि लुळेपणा वरून खाली उतरत श्वासाच्या स्नायूंपर्यंत जातो.

असं घडलेलं आहे. 1985 च्या उन्हाळ्यात कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये एका उपाहारगृहात जेवलेली 36 माणसं आजारी पडली. आधी कुणाला काही उमगलं नाही, कारण गिऱ्हाईक गावोगावी पांगलं होतं. मॉन्ट्रियलमध्ये दोन बहिणी आणि त्यांची आई एकत्र आजारी पडल्या, तेव्हा धागा सापडला. कारण निघालं सोयाबीन तेलातला चिरलेला लसूण. बाटली थंडीत ठेवा असं त्यावर लिहिलेलं असूनही ती बाहेर राहिली होती. 1989 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या किंग्स्टनला तिघांना तेलातल्या लसणामुळेच हा आजार झाला. त्यानंतर अमेरिकेच्या अन्न प्रशासनाने तेलातल्या लसणाच्या बाटलीत आम्ल घालणं सक्तीचं केलं. बाजारातल्या पेस्टच्या पाकिटावर आम्लता नियामक म्हणून 260 किंवा 330 हे आकडे दिसतात. ते अॅसेटिक आणि सायट्रिक आम्लाचे आहेत, आणि ते पाकिटात असण्यामागचं एक मोठं कारण हेच आहे. पाकिटाच्या पेस्टला येणारी आंबूस चव अनेकांना आवडत नाही. मलाही नाही आवडत. पण तिचं तिथे काम आहे.

भाजीत वाटण नीट शिजलं तर हे विष मोडतं. 85 अंशांवर पाच मिनिटं पुरतात. म्हणूनच इतक्या घरांत तेलातला लसूण असूनही अनर्थ क्वचित होतो. पण आपण वाटण नेहमी शिजवून खातो का? ठेचा भाकरीबरोबर तसाच खातो. चटणीत, कोशिंबिरीत, वरणावर वरून घातलेला लसूण कच्चाच असतो. त्यामुळे तेलातलं लसणाचं वाटण फ्रिजबाहेर ठेवूच नये, आणि फ्रिजमध्येही चार दिवसांपुढे ठेवू नये. संशय आला तर चाखून बघणं हा त्यावरचा मार्ग नाही, टाकून द्यावं.

आंबट करून टिकवण्याची कल्पना झाडीपट्टीच्या पलीकडच्या जंगलाला नवी नाही. भामरागडकडे माडिया लोक लाल मुंग्यांची चटणी करतात. झाडावर पानं शिवून घरटं करणाऱ्या या मुंग्या आणि त्यांची अंडी मीठ, मिरची, लसणाबरोबर वाटतात. मुंग्यांच्या अंगातल्या फॉर्मिक आम्लामुळे चटणीला लिंबाची गरज पडत नाही. ओडिशातल्या मयूरभंज जिल्ह्याच्या अशाच चटणीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ही चटणी ताजीच खातात, पण तिच्यात आंबट, तिखट, खारट आणि लसूण यांचा जो मेळ आहे तो कारखान्यातल्या पेस्टचाही पाया आहे. आपल्या घरी हे काम लिंबू, चिंच किंवा व्हिनेगर करतं. अडचण एवढीच की, किती लिंबू पिळल्यावर पीएच 4.6 खाली गेला हे जिभेला कळत नाही. चिंचेचा आंबटपणा गोळ्यागणिक वेगळा असतो. म्हणून घरी आंबट घातलेल्या वाटणालाही फ्रिज लागतोच. आंबट आणि मीठ दोन्ही घातलं तर फ्रिजमध्ये आठवडाभर ठेवायला हरकत नाही, त्यापुढे नको.

व्हिनेगर घातल्यावर कधीकधी लसूण हिरवा-निळा पडतो आणि घरात घबराट होते. तांब्याचा कळंक चढला असेल, विष झालं असेल असं वाटतं. तसं काही नसतं. लसणातली गंधकयुक्त द्रव्यं आणि अमिनो आम्लं आंबटात एकत्र येऊन रंगद्रव्यं तयार करतात. थंडीत बरेच दिवस ठेवलेल्या लसणात हे जास्त होतं. उत्तर चीनमध्ये पाकळ्या मुद्दाम व्हिनेगरमध्ये हिरव्यागार करून सणाला खातात. रंग बदलला म्हणून वाटण फेकू नका. फेकायचं ते केसाळ बुरशीवरून, फसफसण्यावरून आणि जुन्या तारखेवरून.

सांबाराचा रंग मात्र खरंच बिघडतो. हिरव्या रंगद्रव्यातलं मॅग्नेशियम आंबटात निघून जातं आणि वाटण शेवाळी-तपकिरी होतं. शिवाय सांबाराचा वास फार हलक्या, उडून जाणाऱ्या द्रव्यांचा आहे. वाळवला की तो उरतच नाही. म्हणून सांबार-मिरचीचं वाटण आंबट करू नये, फ्रिजमध्येही फार ठेवू नये. थोड्या तेलात वाटून थेट गोठवावं, लिंबू पानावर वाढताना पिळावं. देठ टाकू नयेत. वाटणाला पानांइतकाच, कधी जास्त, वास देठांत असतो. मिरच्या निवडताना हात भाजले तर पाण्याने धुऊन काही होत नाही. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, आधी तेल चोळावं आणि मग साबण लावावा.

गोठवणं हा लसणाच्या वाटणाला घरगुती उपायांतला सर्वांत चांगला उपाय आहे असं माझं ठाम मत आहे. उणे 18 अंशांत कुठलाच जिवाणू वाढत नाही आणि अॅलिसिनचं मोडणंही मंदावतं. टिकवण्यासाठी मीठ नको, आंबट नको. बर्फाच्या साच्यात घालतात, पण मग त्या साच्याला आयुष्यभर लसणाचा वास राहतो, तो वेगळा ठेवावा लागतो. त्यापेक्षा जाड प्लास्टिकच्या पिशवीत वाटण भरून हाताने भाकरीसारखं पातळ थापावं, हवा दाबून काढावी आणि पिशवीवरूनच सुरीच्या पाठीने चौकोनांच्या रेघा पाडाव्यात. पातळ थर लवकर गोठतो. लवकर गोठला की बर्फाचे कण बारीक होतात आणि सुटताना पाणी कमी निघतं. लागेल तेवढा चौकोन मोडून घ्यायचा. पिशवीवर तारीख लिहायची. एकदारी छोट्या फ्रिजचा वरचा कप्पा बहुधा उणे 18 पर्यंत जात नाही, तिथे दीड-दोन महिन्यांत संपवावं. वेगळा फ्रीझर असेल तर चार-सहा महिने वाटण चांगलं राहतं.

खरी अडचण लाइन जाण्याची. वादळात झाड तारेवर पडलं की गावाकडे वीज कधी येईल ते कुणी सांगू शकत नाही. अशा वेळी फ्रिज उघडून बघत बसू नये, दार बंद ठेवलं तर थंडी जास्त वेळ टिकते. वीज आल्यावर पिशवीला हात लावून पाहावा. मधे बर्फाचे कण असतील तर पुन्हा गोठवता येतं, वास थोडा कमी होतो इतकंच. वाटण पूर्ण पातळ होऊन कोमट झालं असेल आणि कधी झालं ते ठाऊक नसेल, तर ठेवू नये.

ज्यांच्याकडे फ्रिज नाही त्यांच्यासाठी माठाचा गारवा पुरेल का? माठातलं पाणी झिरपून उडतं तेव्हा उष्णता ओढून घेतं, कोरड्या उन्हाळ्यात ते चांगलं गार होतं. पण त्याचं तापमान तरीही वीस-पंचवीस अंशांच्या आसपासच राहतं. ओल्या फडक्यात गुंडाळलेला सांबार त्यावर दोन दिवस टवटवीत राहील. वाटणाला ते पुरत नाही, आणि पावसाळ्याच्या दमट हवेत तर माठही फारसा गार होत नाही. फ्रिजविना घरात वाळवणाचीच वाट धरावी. लसणाच्या पातळ चकत्या कडक उन्हात कुरकुरीत होईपर्यंत वाळवून घट्ट डब्यात भराव्यात. उन्हाच्या उष्णतेने त्यातलं विकर मरत नाही, पाण्याअभावी झोपून राहतं. हा वाळलेला लसूण कुटून आधी साध्या पाण्यात दहा मिनिटं भिजवला तर ते जागं होतं आणि वास परत येतो. थेट गरम तेलात टाकला तर विकर जागं होण्याआधीच जळतं. रोवणीच्या संध्याकाळी सुंठ, भिजवलेला सुका लसूण आणि लाल मिरची यांवर चांगला रस्सा होतो.

भाजलेल्या वाटणाची जात वेगळी. निखाऱ्यावर भाजलेला कांदा, भाजलेलं खोबरं, खसखस, लसूण, गरम मसाला. नागपूरच्या हलबा कोष्टी समाजाच्या सावजी रश्शाने हे वाटण महाराष्ट्रभर पोचवलं, पण विदर्भातल्या घरगुती मटणातही त्याचीच भावंडं असतात. हे टिकवायचं असेल तर कढईत तेल सुटेपर्यंत परतावं. तेल सुटणं याला एक नेमका अर्थ आहे. वाटणात पाणी असतं तोवर कढईतलं तापमान शंभर अंशांच्या फार वर जात नाही, तेल आणि पाणी एकमेकांत धरून राहतात, बुडबुडे मोठे आणि आवाज खदखद असा येतो. पाणी उडत जातं तसे बुडबुडे बारीक होतात, खदखद जाऊन चरचर सुरू होते आणि कडेला तांबूस तेल दिसायला लागतं. तिथे पाणी बहुतेक संपलेलं असतं. असं वाटण फ्रिजमध्ये आठ-दहा दिवस आरामात राहतं. पण गरम गरम डब्यात भरून झाकण लावलं की वाफ झाकणाला लागून थेंब होते, थेंब वाटणावर पडतात आणि बुरशी नेमकी त्या ठिपक्यांपासून सुरू होते. पसरट ताटात गार करून मग भरावं. यातलं खोबरं पुढे खवट होतं, म्हणून खोबऱ्याचं वाटण थोडं-थोडंच करावं. चमचा नेहमी कोरडा, हे सगळ्याच वाटणांना लागू.

पोंभुर्ण्यासारख्या तालुक्यांत उमेद अभियानातले महिला बचत गट खूप आहेत. पापड, लोणचं, मसाला, जवसाची चटणी हा माल ते हिमतीने विकतात. शहरात अद्रक-लसूण पेस्टला असलेली मागणी पाहून तिच्याकडेही वळावं असं कुणालाही वाटेल. पापडाला वजनकाटा आणि ऊन पुरतं. ओली पेस्ट विकायची तर एफएसएसएआयच्या नोंदणीबरोबर पीएच मीटर हवा, दरवेळी प्रत्येक घाण्याचा पीएच मोजून तो 4.6 च्या बराच खाली, शक्यतो 4 च्या आत आहे याची नोंद ठेवायला हवी, आणि बाटली गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंत गारव्याची सोय हवी. तोवर गटांनी भिवापुरी मिरची आणि सुका लसूण यांची कोरडी चटणी विकावी. भौगोलिक मानांकन असलेली ही मिरची शेजारच्याच नागपूर जिल्ह्यात पिकते, आणि इथल्या मे महिन्याच्या उन्हासारखं वाळवणाचं यंत्र दुसरीकडे विकतही मिळत नाही. नवा लसूण फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात उतरतो तेव्हा भाव पडलेले असतात. तो तेव्हाच घेऊन वाळवला, तर पावसाळ्यात लसूण महागल्यावर चटणीला भावही चांगला मिळतो.